पावणेचार इंचांचा माणूस

गेल्या गणपतीत सावंतवाडीच्या घरी माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मला फ्लिंट सापडला. सापडला म्हणजे अर्धाच हातात आला. कमरेखालचा अर्धा डब्याच्या तळाशी, गोट्या आणि गंजलेल्या चाव्यांमध्ये राहिला होता. उजव्या हाताचा अंगठा तर मी पाचवीत असतानाच मोडला होता, त्यामुळे त्याचं दुःख जुनं. पण माणूस मधोमध दोन झालेला पाहून काळजात चर्र झालं.

जेवणं उरकल्यावर ओटीवर बसून मी त्याच्या पाठीतला बारका स्क्रू काढला. छाती आणि पाठ अशी दोन टरफलं वेगळी झाली. डोकं सुटलं, हात सुटले. आत यंत्र नाही, स्प्रिंग नाही. छातीत एक खुंटी, पायांना जोडणारा धातूचा एक आकडा, आणि त्या दोघांना ताणून धरणारी काळी रबरी रिंग. ती वाळून तडकली होती. पंपाच्या मिस्त्रीला दाखवली तर तो लगेच ‘ओ-रिंग’ म्हणेल. बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाची रिंग मिळालीही. तेवढी एक ताणलेली असली की हा माणूस उभा राहतो, मांडी दुमडून बसतो, कमरेत वळतो, गुडघा टेकून नेम धरतो. ती गेली की काहीच उरत नाही.

लहानपणी हा मला म्हापशाच्या मामाने आणून दिला होता. तेव्हा हा अमेरिकेचा आहे, एवढंच कळत होतं. पुठ्ठ्यावर फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीचं नाव होतं आणि फनस्कूलचा कारखाना आमच्या घरापासून दोन तासांच्या वाटेवर, गोव्यात होता, हे फार उशिरा कळलं. त्याहून उशिरा हे कळलं की मी ज्याच्यावर जीव लावला तो प्लॅस्टिकचा तुकडा एकट्याने काहीच नव्हता. त्याच्यामागे एक रेखाटन होतं, एक रंगीत चित्र होतं आणि टाचणाएवढा एक मजकूर होता. ते करणारी तीन माणसं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बसून काम करत होती आणि त्यांपैकी एकाचंही नाव माझ्या पुठ्ठ्यावर नव्हतं. हा लेख त्या तिघांसाठी आहे.

फ्लिंट ज्या खेळण्यांच्या तुकडीतला, त्या जी. आय. जोचं नाव १९६४चं. ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट गावची हॅसनफेल्ड बंधूंची कंपनी, म्हणजेच पुढची हॅसब्रो. त्याआधी पाच वर्षं, १९५९ साली, मॅटेलची बार्बी आली होती. बार्बीची खरी कमाई बाहुलीत नव्हती, तिच्या कपड्यांत होती. बाहुली एकदाच विकली जाते, कपडे पुन्हा पुन्हा. हेच गणित मुलग्यांसाठी मांडता येईल, अशी कल्पना स्टॅन वेस्टन या परवान्यांच्या व्यवहारात असलेल्या माणसाने हॅसब्रोच्या डॉन लेव्हिन यांच्याकडे आणली: सैनिक, आणि त्याचे गणवेश, बूट, बंदुका, तंबू. वेस्टनने ही कल्पना एकरकमी १ लाख डॉलरना विकली. लेव्हिनना चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात, चित्रकार सरावासाठी वापरतात तो सांध्यांचा लाकडी पुतळा दिसला आणि सैनिकाला सांधे कसे द्यायचे हे त्यांना उमगलं. जवळपास फूटभर उंचीच्या त्या सैनिकाला २१ हलते भाग होते.

पण मुलगे बाहुलीशी खेळत नाहीत, अशी तेव्हाच्या बापांची ठाम समजूत. म्हणून ‘बाहुली’ हा शब्दच कंपनीने हद्दपार केला आणि नवा शब्द घडवला: ॲक्शन फिगर. पुढे सगळ्या जगाने तो उचलला. मराठीत मात्र बाहुला हा बाहुलाच राहिला आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

त्या पहिल्या सैनिकाच्या घडणीतल्या दोन खुणा सांगायलाच हव्यात. माणसाच्या शरीरावर कोणाला हक्क नोंदवता येत नाही, शरीर सगळ्यांचंच. मग नक्कल करणाऱ्याला पकडायचं कसं? तर उजव्या गालावर एक व्रण दिला. दुसरी खूण चुकून झाली. अंगठ्याचं नख उलट्या बाजूला कोरलं गेलं. चूक लक्षात आली तरी ती तशीच ठेवली, कारण ही घडण जो चोरेल तो नख उलटं ठेवूनच चोरेल. आज त्या गालावरच्या व्रणातून मुलांना लढाई दिसते. तो मुळात मालकीचा शिक्का होता.

व्हिएतनाममुळे सैनिक अमेरिकी घरांत नकोसा झाला, मग त्याला साहसवीर केलं, दाढी दिली, पकड घेणारे हात दिले. खनिज तेल महागलं तसं प्लॅस्टिक महागलं आणि फूटभर बाहुला परवडेना. सत्तरचं दशक संपायच्या आत तो दुकानांतून गेला. दरम्यान १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला आणि केनर कंपनीने त्यातली पात्रं पावणेचार इंचांत काढली. एवढासा आकार स्वस्त पडत होता. शिवाय त्याच मापाची विमानं नि रणगाडे बनवता येत होते. फूटभर सैनिकाला बसवायचं विमान घरात मावलं नसतं. १९८२ साली हॅसब्रोने जी. आय. जो पुन्हा आणला तो याच पावणेचार इंचांत. आता तो एकच सैनिक नव्हता, नावागावाची अख्खी तुकडी होती.

इथून माझ्या माणसांपैकी पहिला येतो, रॉन रुडाट. हॅसब्रोतल्या या डिझायनरने सुरुवातीच्या वर्षांतले बहुतेक सैनिक कागदावर उभे केले. कोब्रा या शत्रूसंघटनेचं, सर्पाचा फणा असलेलं चिन्हही त्यांच्याच हातचं. त्यांच्यापुढचा पेच मला फार जवळचा वाटतो, कारण आमच्या गावात तो रोज सोडवला जातो.

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी बनतात, फळं बनतात, गंजिफा रंगतात. शाळेतून येताना मी तिथल्या एका दुकानापुढे थांबायचो. लाकडी आंब्याला हिरव्यावरून पिवळा, पिवळ्यावरून देठाकडे लाल, असे हात चालायचे. एक हात जास्त दिला की आंबा जास्त खरा व्हायचा आणि दिवसाचे आंबे कमी व्हायचे. रंगाचा प्रत्येक हात म्हणजे वेळ आणि वेळ म्हणजे पैसा, हे त्या आळीतल्या मुलाला शिकवावं लागत नाही. हॅसब्रोतही तेच होतं, फक्त लाखांच्या संख्येत. प्लॅस्टिक ज्या रंगात ओतलं तो रंग फुकट. वरून लावायचा प्रत्येक रंग, मग तो पट्ट्याचा असो की केसांचा, म्हणजे एक वेगळी पायरी, एक वेगळा खर्च. साचे त्याहून महाग, कारण ते पोलादात कोरायचे. म्हणून पहिल्या वर्षीच्या कित्येक सैनिकांनी डोकी वाटून घेतलेली आहेत. एकाच साच्यातला चेहरा, इथे केस काळे, तिथे तपकिरी. हातपाय, छात्याही अशाच फिरवून लावलेल्या.

याच काटकसरीतून त्या तुकडीतला सगळ्यांत गाजलेला माणूस जन्मला. रंगाचा खर्च कुठेतरी वाचवायला हवा होता. तेव्हा एक सैनिक नुसत्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये ओतायचा ठरला. डोळे रंगवायचे नाहीत, पट्टे रंगवायचे नाहीत, चेहऱ्यावर मुखवटा. डोक्यापासून बुटापर्यंत एक काळा. कामापुरतं त्याला कमांडो म्हणत. त्याचं नाव झालं स्नेक आइज. रंग नाही म्हणून चेहरा नाही, चेहरा नाही म्हणून तो का झाकलाय याची गोष्ट हवी, आणि ती गोष्ट नंतर कॉमिकमध्ये आली: हेलिकॉप्टरच्या अपघातात त्याचा चेहरा भाजला, वाचा गेली. वाचवलेल्या पैशातून एक मुका माणूस तयार झाला आणि चाळीसहून अधिक वर्षं मुलं त्याच्यासाठी बोलत आली आहेत. बजेटच्या कात्रीतून इतकी खरी व्यक्तिरेखा निघाल्याचं दुसरं उदाहरण मला सुचत नाही.

आता हातातला फ्लिंट पाहा. त्याचा चेहरा माझ्या करंगळीच्या नखात मावतो. भुवई म्हणजे एक तपकिरी रेघ. डोळा म्हणजे एक ठिपका, तोही माझ्या फ्लिंटच्या डावीकडे जरा खाली घसरलेला. टोपीची कड रंगवताना रंग कपाळावर आला आहे. छातीवरच्या पट्ट्याला बंदुकीची काडतुसं कोरली आहेत, ती मात्र स्पष्ट. कोरीव काम साच्यात असतं, ते चुकत नाही. पण या चेहऱ्यावर राग, थट्टा, थकवा काहीही दाखवायला जागा नाही. पावणेचार इंचांत भाव बसत नाही. मग मला लहानपणी तो इतका रुबाबदार का वाटायचा?

त्याचं उत्तर दुसऱ्या माणसाकडे आहे. हेक्टर गॅरिडो, जन्म अर्जेंटिनातला, कामधंदा अमेरिकेत. पेपरबॅक कादंबऱ्यांची मुखपृष्ठं रंगवण्यात त्यांचा हात तयार झालेला होता. स्टेशनवरच्या स्टॉलवर दोन पावलांवरून जाणाऱ्या माणसाला थांबवायचं, हेच त्या मुखपृष्ठांचं काम. हॅसब्रोने पुठ्ठ्यावरची चित्रं त्यांच्याकडे दिली.

‘स्टार वॉर्स’च्या कार्डांवर सिनेमातले फोटो असत. ते सोयीचं होतं, सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला. जी. आय. जोला सिनेमा नव्हता, नट नव्हते, चेहरेच नव्हते. त्यामुळे गॅरिडोंना ते चेहरे आणावे लागले, आणि आजही मोठ्या झालेल्या कुठल्याही मुलाला विचारा, त्याच्या आठवणीतला फ्लिंट प्लॅस्टिकचा नसतो, गॅरिडोंनी रंगवलेला असतो.

त्यांची पद्धत अशी. माणूस कधीच सरळ उभा नाही. तो तिरका आहे, धावता आहे, वळता आहे. बंदुकीचं तोंड पुढे आलेलं, त्यामुळे ते मोठं दिसतं आणि मागचा खांदा लहान. कापडाला चुण्या आहेत, चामड्याला चकाकी आहे, हाताच्या शिरा दिसतात. ज्यांची डोकी एकाच साच्यातली, त्या सैनिकांना चित्रात निरनिराळी हाडं, निरनिराळी हनुवटी आहे. मुलाच्या हातात एकच चेहरा दोनदा पडायचा आणि पुठ्ठा त्याला सांगायचा की हे दोघे वेगळे. मूल पुठ्ठ्याचं ऐकायचं.

आणि मागे स्फोट. गाभ्यात पिवळा, मग नारिंगी, कडेला लाल. प्रत्येक कार्डावर तोच, जणू सगळी तुकडी एकाच आगीतून बाहेर येते आहे. दुकानात पंचवीस कार्डं एकाशेजारी एक टांगली की ती अख्खी भिंत पेटल्यासारखी दिसत असणार. मांडणीची ही युक्ती मला आजही थक्क करते. चित्रात जमीन नाही, झाड नाही, देश नाही, काळवेळ नाही. शत्रूसुद्धा नाही. स्फोट कशाचा, कोणी केला, हे चित्र सांगत नाही. ते काम मुलाचं. आमच्या ओटीवर तो स्फोट कधी पोर्तुगीज दारूगोळ्याचा असायचा, कधी दिवाळीतल्या सुतळी बॉम्बचा.

चित्रकाराची सही मात्र कुठेच नाही. आपल्याकडे दलालांचं किंवा मुळगावकरांचं मुखपृष्ठ म्हणून दिवाळी अंक विकत घेतला जायचा. दोघंही मूळ गोव्याचे, आणि दोघांचीही सही चित्राइतकीच ओळखीची. ती सही पाहत वाढलेल्या मला गॅरिडोंच्या चित्राखालची रिकामी जागा खुपते. १९८०च्या दशकात जगभरच्या मुलांनी ज्याची चित्रं रोज हाताळली अशा चित्रकारांत त्यांची गणना व्हायला हवी होती, आणि त्या मुलांपैकी कोणालाच त्यांचं नाव सांगता आलं नसतं. २०२०मध्ये ते गेले तेव्हा चाहत्यांनी त्यांना नावाने ओळखायला लागून थोडीच वर्षं झाली होती.

तिसरा माणूस लॅरी हामा. जन्म १९४९, न्यूयॉर्क, आईवडील जपानी वंशाचे. १९६९ ते १९७१ ते अमेरिकी लष्करात होते. नंतर चित्रकार आणि कॉमिकचे संपादक-लेखक म्हणून मार्व्हलमध्ये. हॅसब्रोने जी. आय. जोचं कॉमिक काढायला मार्व्हलला सांगितलं तेव्हा खेळण्यावरचं कॉमिक म्हणून इतर लेखकांनी ते नाकारलं होतं. हामांनी घेतलं, आणि १९८२ ते १९९४ असे १५५ अंक चाललेल्या त्या मालिकेतले जवळपास सगळे अंक लिहिले.

एवढी पात्रं सांभाळायची तर कोण कुठला, काय शिकलेला, याचा घोळ होऊ नये म्हणून हामांनी प्रत्येकाचं टिपण ठेवलं. खरं नाव, जन्मगाव, हुद्दा, कशात तरबेज, स्वभाव. लष्करात प्रत्येक सैनिकाची फाईल असते, तिच्या धर्तीवर. हॅसब्रोच्या लोकांनी ती टिपणं पाहिली आणि ती थेट पुठ्ठ्याच्या पाठीवर छापली. भोवती तुटक रेघ, म्हणजे मुलाने कात्रीने कापून जपून ठेवायची.

खेळण्याच्या जगात याहून मोलाचा मजकूर मला माहीत नाही. कारण हामांनी वीरपुरुष लिहिले नाहीत, माणसं लिहिली. रोडब्लॉक हा मिसिसिपीतल्या बिलॉक्सीचा धिप्पाड मशीनगनवाला. त्याचं स्वप्न उत्तम स्वयंपाकी व्हायचं. आणि माझा फ्लिंट: गाव विचिता, राज्य कॅन्सस, ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवलेला, इंग्रजी साहित्याचा पदवीधर. हे मी दहाव्या वर्षी, डिक्शनरी मांडीवर घेऊन, एकेक शब्द लावत वाचलं. ऱ्होड्स शिष्यवृत्ती म्हणजे काय, ते मराठीच्या गुरुजींना विचारलं. विचिता ॲटलासमध्ये शोधलं. साहित्य शिकलेला माणूस सैन्यात का गेला असेल, यावर मी बरेच दिवस विचार केल्याचं मला आठवतं. एका प्लॅस्टिकच्या बाहुल्याबद्दल पडलेला तो माझ्या आयुष्यातला पहिला साहित्यिक प्रश्न.

एकदा या मजकुराने ठेचही खाल्ली. १९८४ साली झार्टन हा वेषांतर करणारा खलनायक आला. त्याचं प्लॅस्टिक उन्हात नेलं की रंग बदलायचं, सावलीत पूर्ववत व्हायचं; युक्ती खरोखर सुंदर होती, जरी काळाच्या ओघात ते प्लॅस्टिक ठिसूळ होतं असं जमवणारे सांगतात. पण त्याच्या कार्डावर त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं लिहिलं होतं, जणू दुष्टपणाचं कारणच तो आजार. मानसिक आजारांच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्यांनी हरकत घेतली आणि हॅसब्रोने मजकूर बदलला. हरकत रास्त होती. ज्या पाठीवरच्या चार ओळी मूल पाठ करतं, तिथे आजाराचं नाव शिवीसारखं वापरणं ही मोठीच चूक होती.

शत्रू कोण, हाही प्रश्न आधी सुटलेला नव्हता. हॅसब्रोच्या मूळ आराखड्यात फक्त सैनिक होते. लढायचं कोणाशी, हे मार्व्हलच्या बैठकीत विचारलं गेलं आणि तिथले संपादक आर्ची गुडविन यांनी कोब्रा ही संघटना सुचवली. म्हणून पहिल्या वर्षी शत्रूच्या बाजूला अगदी मोजकी माणसं आहेत. कोब्राचा म्होरक्या कोब्रा कमांडर, त्याला चेहरा दिलाच नाही. शिरस्त्राणाखाली, चेहऱ्याच्या जागी नुसती चंदेरी आरशासारखी चकती. बघणाऱ्याला त्यात स्वतःच दिसावं. पुढच्या वर्षी आलेल्या डेस्ट्रोचं अख्खं डोकंच धातूसारखं चकाकतं. रंगाचा खर्च तोलून वागणाऱ्या कंपनीने शत्रूच्या डोक्यासाठी हात सैल सोडला, हे मला फार आवडतं.

कॉमिकमागे एक व्यवहारी डावही होता. अमेरिकेत खेळण्यांच्या टीव्ही जाहिरातीत कार्टूनचा किती भाग दाखवायचा यावर बंधनं होती, कारण मुलांना वाटायचं खेळणं खरंच तसं उडतं. कॉमिकच्या पुस्तकाच्या जाहिरातीवर असं बंधन नव्हतं, कोणी त्याचा विचारच केलेला नव्हता. मग जाहिरात केली कॉमिकची, तीही पूर्ण कार्टूनमधून, आणि खप झाला दोन्हींचा. डाव चतुर होता हे खरं. पण त्या डावासाठी हवं असलेलं पुस्तक हामांनी इतकं जीव ओतून लिहिलं की १९८४च्या २१व्या अंकात त्यांनी एकही शब्द न वापरता सबंध गोष्ट नुसत्या चित्रांत सांगितली. मुका स्नेक आइज तिचा नायक. त्या गोष्टीच्या शेवटी दोन वैऱ्यांच्या हातांवर एकच गोंदण दिसतं, आणि वाचणारा अंगावर काटा येऊन थांबतो. कॉमिकवाले आजही तो अंक शिकायला काढतात.

या सगळ्यात डिझायनर थांबले नव्हते. १९८२च्या सैनिकाचा हात कोपरात वाकायचा, पण वळायचा नाही. दोन्ही हातांनी बंदूक धरायची तर ते ओढून ताणून व्हायचं. १९८३पासून दंडात, कोपराच्या जरा वर, एक चीर दिली आणि हात गोल फिरू लागला. चीर केवढी, तर एक केसाएवढी. पण त्या चिरेने बंदूक छातीशी आली, नेम धरला गेला, आणि गॅरिडोंच्या चित्रातला माणूस ज्या पवित्र्यात होता त्याच्या जवळपास प्लॅस्टिकचा माणूस पहिल्यांदा पोचला. १९८५ला मान गोळ्यावर बसवली, मग तो वरही पाहू लागला. १९८७ साली आलेल्या टनेल रॅटला तर लॅरी हामांचाच चेहरा दिला. तीन बिनसहीच्या माणसांपैकी निदान एकाचं तोंड तरी पोलादात कोरलं गेलं, याचा मला आनंद आहे.

कमकुवत जागा होत्याच. बंदुकीची मूठ जाड आणि अंगठा नाजूक, म्हणून अंगठे मोडायचे. माझाच मोडला असं नाही, जगभर मोडले.

पोलादी साचा म्हातारा होत नाही. अमेरिकेत ज्याचा हंगाम संपला तो साचा पेटीत बसून दुसऱ्या देशात जायचा. ब्राझीलमध्ये एस्त्रेला कंपनीने, अर्जेंटिनात प्लास्तिरामाने याच घडणीतले सैनिक काढले; गॅरिडोंची चित्रं अशी त्यांच्या जन्मदेशातही पोचली. आपल्याकडे १९८७ साली एमआरएफ आणि हॅसब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल उभी राहिली, आणि गोव्यातून जी. आय. जो बाहेर पडू लागले. अमेरिकेतली मालिका १९९४ला थांबली, आपल्याकडे ती दोन हजार सालानंतरही दुकानांत दिसत होती.

साचा तोच, पण रंग इथले. फनस्कूलचे सैनिक मूळ अमेरिकी रंगसंगतीपासून दूर गेलेले असतात. हिरवा वेगळा, तपकिरी भडक, कधी शर्टाचा रंगच दुसरा. जमवणारे लोक आज हेच वेगळेपण शोधत फिरतात. मी मात्र वेगळ्या कारणाने त्याकडे पाहतो. रुडाटने काढलेली रेघ आणि कोरीव काम पॉटकेटहून आलं, पण माझ्या फ्लिंटच्या भुवईची रेघ गोव्यात कोणीतरी दिली. टोपीच्या कडेवरून रंग ओघळला तो हात दोन तासांच्या वाटेवरचा होता. चितार आळीतला आंबा रंगवणारा आणि ही भुवई देणारा, दोघांचंही नाव वस्तूवर नाही. लहानपणी मी या दोन गोष्टी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत: देवळीतली लाकडी फळं आणि खिशातला सैनिक.

एक गोष्ट मनाला टोचत राहते, ती बोलायला हवी. हे युद्धाचं खेळणं होतं. जी. आय. जोच्या टीव्हीवरच्या कार्टून मालिकेत कोणी मरत नसे. विमान पडलं की वैमानिक छत्री उघडून खाली यायचा. गोळ्यांऐवजी लाल-निळे किरण. पुठ्ठ्यावर स्फोट, पण जखमी कोणी नाही. हामा लष्करात राहून आलेले, त्यांच्या कॉमिकमध्ये माणसं मरत आणि मागे उरलेल्यांना ते आठवत राही. माझ्या दोन्ही मुलांना मी जेव्हा हे खेळणं दाखवतो तेव्हा चित्राबरोबर कार्डही वाचून दाखवतो. बंदूक त्यांना आधी दिसते. गाव, शाळा, हुद्दा नंतर. पण दिसतात. धाकटीने विचारलं, याची आई कुठे आहे? कार्डावर ते नाही. तिने स्वतःच ठरवलं की विचिताला आहे.

नवी रिंग बसवायला अर्धा तास लागला. एक टोक खुंटीवर, दुसरं आकड्यात, आणि ती ताणून धरलेली असतानाच पाठीचं टरफल मिटवायचं. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. स्क्रू आवळला, हात फिरवून पाहिले. फ्लिंट उभा राहिला, अंगठ्यावाचून, बंदुकीवाचून.

त्याचं कार्ड माझ्या शाळेच्या ॲटलासमध्ये आहे, उत्तर अमेरिकेच्या नकाशाच्या पानात. आईने ते शिवणाच्या कात्रीने तुटक रेघेवरून अगदी सरळ कापलं होतं. पुठ्ठ्याची पाठ जपायची तर पुढचं चित्र कापावंच लागायचं, तशीच ती योजना होती. बाकीचा पुठ्ठा त्याच दिवशी बंबात गेला असणार. परवा मी कार्ड उलटं केलं. मागच्या बाजूला, बाहुल्यावरचा प्लॅस्टिकचा फुगा उपटताना निघालेल्या कागदाचा पांढरा व्रण आहे. त्याच्या कडेने गॅरिडोंच्या आगीचा दोन बोटांएवढा तुकडा उरला आहे, पिवळ्यातून नारिंगीत जाणारा, आणि त्यात अर्धा बूट, धावताना उचललेला.